'काळजी करू नका' म्हटल्याने कंबरदुखीच्या पेशंटला धीर का येत नाही

नव्याने स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केलेल्या एका डॉक्टरांचा प्रश्न असा आहे: कंबर धरून आलेल्या पेशंटला मी नीट तपासतो, गंभीर काही नाही याची माझी खात्री होते आणि तसं मी सांगतोही. तरी त्यांच्या चेहऱ्यावरची भीती जात नाही. आठवड्याभरात तीच माणसं दुसरीकडून एमआरआय काढून, फाइल घेऊन परत येतात. त्यांना धीर द्यायचा तरी कसा?

तुमची तपासणी बरोबर आहे आणि निष्कर्षही बरोबर आहे असं धरून चालतो. गडबड होते ती क्रमात. समोरच्याला नेमकी कशाची भीती वाटते हे कळायच्या आधीच आपण 'घाबरू नका' म्हणून मोकळे होतो. आपण ज्या भीतीबद्दल बोललोच नाही, ती घेऊनच तो माणूस घरी जातो.

मानसशास्त्राच्या संशोधक तमार पिंकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. डॉक्टर धीर देतात तो दोन प्रकारचा, अशी मांडणी त्यांनी केली. पहिला भावनेचा: आपुलकीने बोलणं, 'होईल सगळं ठीक' म्हणणं. दुसरा समजुतीचा: काय झालंय, का झालंय, पुढे काय होईल आणि तुम्ही काय करायचं हे उलगडून सांगणं. समजुतीचा धीर मिळालेले पेशंट बाहेर पडताना कमी चिंतेत होते, आणि दुखणं आपण सांभाळू शकू असा विश्वासही त्यांना जास्त वाटत होता. नुसता भावनेचा धीर मिळालेल्यांच्या बाबतीत मात्र काही चांगल्या अभ्यासांत परिणाम उलट वाईट दिसले. यावरून आपुलकी वाईट असा अर्थ कुणी काढू नये. आपुलकीमुळे माणूस बोलायला लागतो, आणि तो बोलल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. पण समजावून सांगण्याच्या जागी आपण फक्त आपुलकी देऊ केली, तर रात्री कूस बदलताना पुन्हा कळ आली की त्याच्याकडे आधार म्हणून काहीच उरत नाही. डॉक्टर चांगले होते, एवढंच आठवतं.

म्हणून आधी भीती शोधा. मी प्रत्येक कंबरदुखीच्या पेशंटला तीन गोष्टी विचारतो. 'तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालं असेल?' 'यात सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटते?' आणि 'या दुखण्यामुळे काय करायचं अडलंय?' उत्तरं इतकी वेगवेगळी येतात की एकच ठरावीक वाक्य सगळ्यांना कसं पुरेल, असा प्रश्न पडावा. एखाद्याच्या वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं असतं आणि नंतर ते अंथरुणावरच राहिलेले असतात. एखादीच्या ओळखीत कॅन्सरची सुरुवात पाठदुखीने झालेली असते. कुणी ओझी उचलण्याचं काम करतो; त्याला दुखण्यापेक्षा जास्त भीती काम सुटण्याची असते. कुणाला वाटतं की आता मूल उचलून घेता येणार नाही. कॅन्सरच्या भीतीने आलेल्या बाईला 'मणका चांगला आहे' हे सांगून काय उपयोग? तिला ऐकायचं असतं ते हे: 'तुमचं वजन उतरलेलं नाही, पूर्वी कधी कॅन्सर झालेला नाही, रात्री आराम पडतो, ताप नाही, हालचालीप्रमाणे दुखणं कमीजास्त होतं. कॅन्सरचं दुखणं सहसा असं वागत नाही.' भीतीचं नाव घेऊन, कारणांसकट ती बाजूला काढली की ती खरोखर दूर होते.

पहिल्या प्रश्नाला बरेच जण 'ते तुम्हीच सांगा, तुम्ही डॉक्टर' असं म्हणतात. तिथे थांबू नका. 'मी सांगणारच आहे, पण तुमच्या मनात काय येऊन गेलं ते आधी ऐकायचंय' असं म्हटलं की बहुतेक जण बोलतात.

आता तपासणी. धीर देण्याचं काम माझ्या मते इथे सगळ्यात जास्त होतं, आणि आपण सगळ्यात जास्त घाई करतो तीही इथेच. पेशंटने कंबरेवरचा कपडा बाजूला करावा, आपण दुखऱ्या जागी हात ठेवावा, मणक्यांवर हलकं ठोकून पाहावं, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगावं, पायाचा अंगठा वर ओढायला लावून ताकद बघावी, गुडघ्याच्या आणि घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया बघाव्यात, पाय सरळ उचलून कळ पायात उतरते का ते पाहावं. हे सगळं मुकाट्याने करू नका. करता करता बोला. 'ही ताकद दोन्ही पायांत सारखी आहे, म्हणजे ही नस नीट काम करतेय.' 'इथे ठोकल्यावर हाडात कळ येत नाही, ही चांगली गोष्ट आहे.' आपल्या डोक्यात जी नोंद होतेय ती त्याच्या कानावर पडू द्या. तपासणी झाल्यावर 'सगळं ठीक आहे' असं एका वाक्यात उरकलं तर ते डॉक्टरांचं मत ठरतं. प्रत्येक पायरी त्याने स्वतः पाहिली आणि ऐकली असेल तर तो त्याचा स्वतःचा अनुभव होतो, आणि घरी कुणी शंका काढली तर तो स्वतःच उत्तर देऊ शकतो.

गंभीर आजाराच्या खुणा विचारताना त्या का विचारतोय हेही सांगावं. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसताना टेकणारा भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होत जाणं, यांतलं काही असेल तर ती तातडीची गोष्ट आहे. तिथे धीर देत बसायचं नसतं, लगेच पुढे पाठवायचं असतं. मोठा मार लागलेला, हाडं ठिसूळ झालेली, बरेच दिवस स्टिरॉइड घेत असलेला, ताप असलेला, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला पेशंट वेगळ्या नजरेने पाहायचा. पण या यादीलाच घाबरून प्रत्येकाला तपासण्यांना पाठवू नका. सिडनीत पहिल्या पातळीच्या दवाखान्यांत आलेल्या 1172 ताज्या कंबरदुखीच्या पेशंटचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या सुमारे 80 टक्के लोकांकडे धोक्याची एखादी तरी खूण होती, पण खरोखर गंभीर आजार निघाला तो 11 जणांत, आणि त्यांतही 8 जणांचं हाड मोडलेलं होतं. एकटी-दुकटी खूण फारसं काही सांगत नाही. खुणा एकत्र आल्या, त्यांची गोष्ट जुळली, की मात्र सावध व्हावं. हा हिशोब तुमच्या स्वतःच्या मनात पक्का असला पाहिजे. डॉक्टर स्वतः धास्तावलेला असेल तर पेशंटला ते आवाजावरून कळतं.

तपासणीत गंभीर काही निघालं नाही की आपल्या तोंडून हमखास जाणारं वाक्य म्हणजे 'काही नाहीये तुम्हाला.' हे वाक्य मी पूर्ण टाळतो. चमक भरून ज्याला मोजे घालता येत नाहीत, त्याला 'काही नाही' म्हणणं म्हणजे तो खोटं बोलतोय असं सुचवणं. मग तो आपलं दुखणं खरं असल्याचा पुरावा शोधत फिरतो, आणि तो पुरावा त्याला एमआरआयच्या कागदावर मिळतो. त्याऐवजी असं सांगता येतं: 'तुमचं दुखणं खरं आहे आणि बरंच आहे. ते पाठीच्या स्नायूंतून, सांध्यांतून किंवा मणक्यांमधल्या गादीच्या आसपासून येतंय. नेमकं कोणत्या एका जागेतून, हे कुठलीच तपासणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि बरं होण्यासाठी ते कळायची गरजही नसते. घोटा मुरगळला की तो सुजतो, पाय टेकवत नाही, तरी तो बरा होणार हे आपल्याला माहीत असतं. पाठीचंही तसंच आहे. फक्त पाठ डोळ्यांना दिसत नाही म्हणून भीती जास्त वाटते.' शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबा. दुखणं किती तीव्र आहे यावरून आत किती नुकसान झालंय हे ठरत नाही, ही गोष्ट लोकांना नवी असते. घट्ट आवळलेले स्नायू, नीट न झालेली झोप आणि मनातली भीती यांनी तीच कळ दुप्पट वाटते, हेही सांगावं. पण 'हे सगळं मनाचं आहे' असा सूर लागू देऊ नका. तो एकदा लागला की पुढचं काही ऐकलं जात नाही.

एमआरआयचा प्रश्न सविस्तर घ्यावा लागेल, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. फोटो काढला की पेशंट निश्चिंत होतो असं आपण धरून चालतो. पुरावा तसं सांगत नाही. इंग्लंडमध्ये 421 पेशंटवर झालेला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा कंबरेचा एक्स-रे काढला, त्यांच्यात तीन महिन्यांनी दुखणं असल्याचं सांगणारे जास्त होते आणि त्यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्याही जास्त होत्या. समाधान मात्र त्यांचंच जास्त होतं. माणूस खूश होतो आणि बराही कमी होतो, अशी ही विचित्र गोष्ट आहे.

कारण सरळ आहे. फोटोत काही ना काही दिसतंच. कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3110 लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झिजेच्या खुणा होत्या. ऐंशीच्या वयात हे प्रमाण 96 टक्क्यांवर गेलं. गादी फुगल्याचं विशीतच 30 टक्क्यांमध्ये दिसलं. या सगळ्यांना काहीही त्रास नव्हता. आता हाच रिपोर्ट दुखणाऱ्या माणसाच्या हातात पडला की तो वाचतो: झीज, फुगवटा, नसेवर दाब. मग कुणीतरी त्याला सांगतं, 'मणक्यातली गॅप कमी झालीय.' तिथून पुढे त्याचं वाकणं बंद, उचलणं बंद, आणि प्रत्येक कळ म्हणजे गॅप आणखी कमी झाल्याची खूण.

एमआरआय नाकारताना 'गरज नाही' एवढंच म्हणू नका. ते खर्च वाचवल्यासारखं किंवा त्रास गांभीर्याने न घेतल्यासारखं वाटतं. मी असं सांगतो: 'एमआरआय मी केव्हा काढायला लावतो ते सांगतो. पायातली ताकद कमी झाली, लघवीला त्रास झाला, किंवा ताप, वजन घटणं असं काही असलं तर. तुमच्यात त्यांतलं काही नाही, हे आपण आत्ता बघितलं. आज काढला तर त्यात वयाप्रमाणे दिसणाऱ्या गोष्टी दिसतील, त्याने उपचार बदलणार नाही आणि तुमची काळजी मात्र वाढेल. सहा आठवड्यांत अपेक्षेप्रमाणे फरक पडला नाही तर आपण पुन्हा विचार करू.' दार उघडं आहे हे कळलं की बहुतेक लोक थांबतात.

आणि रिपोर्ट आधीच काढून आणला असेल तर? तो बाजूला सारू नका. पेशंटसमोर उघडा, एकेक ओळ वाचा आणि प्रत्येक ओळीला त्याच्या वयाचा संदर्भ द्या. कोइंबतूरच्या डॉक्टर राजशेकरन यांच्या गटाने 2021 मध्ये हेच तपासून पाहिलं होतं: रिपोर्टमधले सगळे दोष जसेच्या तसे समजावलेल्या पेशंटना आपली पाठ जास्त बिघडलेली वाटू लागली, आणि हे बदल वयाचे, सर्वसाधारण आहेत असं सांगितलेल्यांची स्थिती चांगली राहिली. रिपोर्टमध्ये काय नाही हेही मोठ्याने वाचावं. गाठ नाही, जंतुसंसर्ग नाही, हाड मोडलेलं नाही. कागदावर हे बहुधा कुठेतरी शेवटी असतं किंवा नसतंच, आणि पेशंटला सगळ्यात आधी हवं असतं ते हेच. गादी खरोखर सरकून नस दबली असेल, कळ पायात उतरत असेल, तरी सांगण्यासारखं बरंच असतं: बाहेर आलेला गादीचा भाग शरीर बऱ्याचदा स्वतः शोषून घेतं, आणि तो जितका जास्त बाहेर आलेला तितकी हे होण्याची शक्यता जास्त. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, म्हणून सावकाश सांगावं. अशा पायदुखीला वेळ जास्त लागतो हेही तिथेच सांगून टाकावं.

आपले शब्द किती काळ टिकतात याची आपल्याला कल्पना नसते. न्यूझीलंडमध्ये संशोधक बेन डार्लो यांनी कंबरदुखीच्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. तो अभ्यास 2013 मध्ये आला. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने एकदा सहज म्हटलेलं 'पाठ जपा' हे वाक्य लोक वर्षानुवर्षं पाळत होते. 'वाकू नका, जड उचलू नका' हे आपण सवयीने म्हणतो. त्याला मुदत द्यायची विसरतो. पहिले काही दिवस फार जड उचलू नका, मग हळूहळू वाढवा, असं तरी म्हणा. कंबरपट्टा दिला तर कधी काढायचा तेही त्याच वेळी सांगा. नाहीतर आपली पाठ आतून कमकुवत आहे, हा समज पट्ट्याबरोबर कायमचा चिकटतो.

पुढे काय होईल हे सांगताना खरं सांगा, अतिशयोक्ती नको. पॅरासिटामॉलची चाचणी म्हणून ओळखला जाणारा, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा ऑस्ट्रेलियन अभ्यास इथे उपयोगी आहे. त्यात 1652 लोक होते. गोळी नियमित घेणारे, लागेल तशी घेणारे आणि औषध नसलेली गोळी घेणारे, तिन्ही गट जवळपास सारख्याच वेगाने बरे झाले: निम्मे लोक सुमारे 17 दिवसांत. तिन्ही गटांना चांगला सल्ला आणि धीर दिला गेला होता, ही बाब मला महत्त्वाची वाटते. त्याआधी 1995 मध्ये हेलसिंकीतल्या अभ्यासाने दाखवलं होतं की दोन दिवस झोपून राहणारे आणि व्यायाम करायला सांगितलेले, या दोघांपेक्षा जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सावरले. तेव्हा 'पहिले काही दिवस जास्त त्रास, दोन-तीन आठवड्यांत बराच फरक, बहुतेकांना सहा आठवड्यांत मोठा आराम' एवढं मी विश्वासाने सांगतो. आणि लगेच पुढचं सांगतो: मधेच एखादा दिवस वाईट जाईल, आणि बरं झाल्यावरही वर्षभरात पुन्हा कधीतरी चमक भरू शकते. बऱ्याच डॉक्टरांना हे सांगायला नको वाटतं, पेशंट नाउमेद होईल म्हणून. पण आधी न सांगितलेला वाईट दिवस उजाडला की पेशंटला वाटतं डॉक्टर चुकले. आधी सांगितलेला असला तर वाटतं, हे म्हणालेच होते.

वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही म्हणाल. समजुतीचा धीर म्हणजे तासभराचं व्याख्यान नव्हे. 2019 मध्ये 202 ताज्या कंबरदुखीच्या पेशंटवर झालेल्या चाचणीत, एकेक तासाच्या दोन बैठका घेऊन दुखण्याचं शास्त्र समजावलं. नुसतं ऐकून घेण्याच्या बैठका मिळालेल्यांपेक्षा तीन महिन्यांनी त्यांचं दुखणं कमी नव्हतं. दुसरीकडे, पहिल्या पातळीच्या दवाखान्यात दिलेल्या साध्या समजुतीवरच्या 14 चाचण्यांचा आढावा 2015 मध्ये आला. त्यात पेशंटची चिंता कमी झाली आणि तो परिणाम वर्षभरापर्यंत टिकला. डॉक्टरांनी स्वतः समजावलं तेव्हा परिणाम जास्त होता. म्हणून हे काम कागदाच्या घडीपत्रिकेवर किंवा सहकाऱ्यावर पूर्ण सोडू नये, असं मला ठामपणे वाटतं. मला वाटतं दहा-बारा मिनिटं पुरतात. त्यांतली पहिली तीन ऐकण्यात जाऊ द्या. पुढे समजावताना ती वसूल होतात, कारण मग ज्याची भीती नाही त्यावर आपण बोलत बसत नाही.

धीर पुरत नाही अशीही माणसं येतात. महिनोन्महिने दुखतंय, झोप उडालीय, कामावरून बोलणी बसताहेत, कशातच मन लागत नाही. अशा माणसाला 'सहा आठवड्यांत बरं वाटेल' हे वाक्य लागू नाही, आणि ते ऐकून त्याने पूर्वीही फसल्यासारखं अनुभवलेलं असतं. त्याच्यापाशी पूर्ण दुखणं जाण्याची भाषा न करता, दुखणं असतानाही परत काय करता यायला हवं ते विचारा आणि तिथून व्यायामाची, झोपेची, गरज पडली तर मानसोपचाराची आखणी करा. इथे फिजिओथेरपिस्ट हवा, वेळ हवा आणि पुन्हा पुन्हा भेटी हव्यात.

पेशंट उठण्यापूर्वी त्यालाच विचारा: 'घरी गेल्यावर विचारतील, डॉक्टर काय म्हणाले, काय सांगाल?' त्याच्या उत्तरात 'झीज आहे म्हणाले' असं आलं, तर तुमच्या सांगण्यातून काय पोचलं ते तिथेच कळतं आणि दुरुस्तही करता येतं. कोणती लक्षणं दिसली तर त्याच दिवशी यायचं ते लिहून द्या. आणि पुढची भेट दोन आठवड्यांनी ठरवून ठेवा, दुखलं तर या असं सोडू नका; दुखलं तरच यायचं म्हटलं की बरा होत असलेला माणूस येत नाही, आणि त्याची पाठ नीट वाकतेय, पायांत ताकद आहे, हे त्याच्यासमोर पुन्हा तपासून दाखवायची संधी जाते. त्या भेटीत किती दुखतंय हे नंतर विचारा. आधी विचारा, गेल्या वेळी अडलेलं काम आता जमतंय का.